तोरिनोत जुनी लान्चा फुल्विया घेतली: वारस, गंज, कागद आणि एक सर्टिफिकेट

इटलीत राहणारे मराठी लोक अधूनमधून विचारतात की जुनी इटालियन स्पोर्ट्स कार घ्यायची तर सुरुवात कुठून करायची, आणि भारतातले नातेवाईक विचारतात की पन्नास वर्षं जुनी गाडी कोण विकत घेतं, डोकं ठिकाणावर आहे ना. दोघांनाही तुकड्यातुकड्यात उत्तरं देऊन कंटाळा आला म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय. गाडी शोधायला लागलो ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि शेवटचा कागद हातात पडला एप्रिल २०२५ मध्ये. म्हणजे दीड वर्ष. यातला गाडी चालवण्यात गेलेला वेळ अगदीच थोडा, बाकी सगळा फोन, फोटोकॉपी आणि वाट बघणे.

आधी मी कोण ते. रांजणगावच्या फियाट प्लांटला पार्ट पुरवणाऱ्या एका कंपनीत पुण्यात काही वर्षं काढली, मग नोकरीनेच तोरिनोला, म्हणजे ट्युरिनला, आणलं. पगारदार माणूस, भाड्याचा फ्लॅट, खाली एक भाड्याचा गॅरेज. कलेक्टर वगैरे शब्द मला लावू नका. कलेक्टर म्हणजे फेरारी २५० जीटीओ वाले, त्या गाड्या १९६२ ते ६४ मध्ये जेमतेम ३६ बनल्या आणि २०१८ मध्ये त्यातली एक लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. माझं बजेट होतं सगळं धरून १५ हजार युरो, आणि बायकोच्या मते तेही जास्तच.

तर ऑक्टोबर २०२३. ऑटो ए मोतो देपोका नावाचं जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन कित्येक वर्षं पादोव्याला भरायचं, त्या वर्षी पहिल्यांदा बोलोन्याला आलं. तोरिनोहून ट्रेनने जाऊन एका दिवसात परत येता येतं म्हणून गेलो. ज्यांना अजून कुठली गाडी हवी तेच ठरत नाहीये त्यांनी असं एखादं प्रदर्शन आधी बघाच, कारण फोटोत सगळ्याच गाड्या सुंदर दिसतात, पण दार उघडून आत बसल्यावर गुडघा स्टीयरिंगला लागतो की नाही हे तिथेच कळतं. मी गेलो होतो आल्फा रोमियो जीटी ज्युनियर डोक्यात ठेवून. किमती बघितल्या आणि तो विषय तिथेच संपला, बऱ्या अवस्थेतली एक पण माझ्या बजेटच्या जवळपास नव्हती. फियाट १२४ स्पायडर परवडली असती पण ती उघडी गाडी आणि तोरिनोचा हिवाळा, नको वाटलं. आणि मग लान्चा फुल्विया कूपेच्या शेजारी उभा राहिलो आणि तिथे बराच वेळ गेला.

या गाडीबद्दल थोडं सांगतो कारण पुढची सगळी डोकेदुखी ज्या गाडीसाठी केली ती का, हे कळायला पाहिजे. लान्चा ही तोरिनोचीच कंपनी, विन्चेन्झो लान्चाने १९०६ मध्ये काढली. फुल्विया आधी १९६३ मध्ये चौकोनी चार दारांची सेडान म्हणून आली, आणि दोन वर्षांनी पिएरो कास्तान्येरोने तिची दोन दारांची कूपे काढली. बारीक खांब, काचाच काचा, मागे उतरत जाणारी शेपटी. त्याच्या डोक्यात म्हणे रीवाच्या लाकडी मोटरबोटी होत्या, आणि एकदा हे ऐकलं की गाडी खरंच बोटीसारखी दिसायला लागते. पण माझ्यातल्या इंजिनियरला भुरळ पडली ती बॉनेटखाली. व्ही-४ इंजिन, पण दोन्ही बाजूंमधला कोन साधारण १३ अंशांचाच, इतका अरुंद की चारही सिलिंडरना मिळून एकच हेड, म्हणजे वरचं झाकण, पुरतं. ते पूर्ण इंजिन ४५ अंश डावीकडे आडवं झोपवलंय म्हणून बॉनेट एवढं खाली ठेवता आलं. पुढच्या चाकांना ड्राइव्ह आणि चारी चाकांना डिस्क ब्रेक, तेही साठच्या दशकात. इतकं किचकट काम इतक्या छोट्या गाडीत करून पैसे कसे सुटणार, आणि सुटले नाहीतच, १९६९ मध्ये कंपनी फियाटने घेतली.

आणि मग गंमत बघा, कंपनी विकली गेली आणि गाडीचा सगळ्यात मोठा विजय त्यानंतर आला. १९७२ च्या मोंते कार्लो रॅलीत सांद्रो मुनारी आणि मारिओ मानुच्ची यांनी १४ नंबरची फुल्विया १.६ एचएफ (एचएफ म्हणजे तिची रॅलीसाठीची आवृत्ती), लाल अंग आणि काळं बॉनेट, पहिली आणली, समोर आल्पाइन, पोर्शे असले जास्त ताकदीचे लोक होते तरी. त्याच वर्षी लान्चाने उत्पादकांची आंतरराष्ट्रीय चॅम्पियनशिप पण घेतली. तोरिनोत आजही साठीच्या पुढच्या कुठल्याही माणसाजवळ फुल्विया म्हणा, तो मोंते कार्लोपासूनच सुरू करतो.

त्या एचएफ गाड्यांच्या किमती अर्थातच आकाशात. माझ्यासारख्यांसाठी असते १.३ एस, दुसरी सिरीज, १९७० ते ७३ मधली. १२९८ सीसी, ९० हॉर्सपॉवर, पाच गिअर. शुद्धतावादी लोक म्हणतात पहिली सिरीज चांगली कारण ती फियाटच्या आधीची. असेल, पण रोज वापरायला पाच गिअर बरे आणि ब्रेकपण दुसरीचे बरे.

नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत शोधाशोध. इथे पहिली खरी टीप: गाडी बघायला जायच्या आधी नंबर प्लेटवरून वीझुरा काढा. प्रा म्हणजे इथलं गाड्यांच्या मालकीचं रजिस्टर, त्यातला उतारा, सहा-सात युरोत मिळतो, नंबर माहीत असला की कोणीही काढू शकतो. सात-बारा न बघता जमीन घेत नाही ना आपण, तसंच. एका सुंदर पांढऱ्या फुल्वियावर वीझुरात फेर्मो अम्मिनिस्त्रातिवो निघाला, म्हणजे मालकाने सरकारचे पैसे थकवलेत म्हणून गाडीवर अटकाव, ती चालवताच येत नाही. विकणाऱ्याने फोनवर याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. दुसरी एक राद्याता द्युफिच्चो होती, वर्षानुवर्षं रोड टॅक्स न भरल्यामुळे रजिस्टरमधून परस्पर काढून टाकलेली. अशी गाडी परत जिवंत करता येते, पण त्याला वेगळी तपासणी, मागचा टॅक्स आणि भरपूर धीर लागतो. पहिल्या गाडीसाठी अशी घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.

आणि एचएफचा बिल्ला लावलेल्या गाड्यांपासून सावध. एचएफचं चिन्ह असलेला छोटा पळणारा लाल हत्ती चिकटवायला काही लागत नाही. शासी नंबरच्या सुरुवातीचे आकडे बघा. दुसऱ्या सिरीजची १.३ एस ही ८१८.६३० असते, मोठ्या दिव्यांची १.६ एचएफ जिला इथे फानालोने म्हणतात ती ८१८.५४०. एका गृहस्थांकडे हत्ती, काळं बॉनेट, जादा दिवे सगळं होतं आणि शासी म्हणत होती ६३०. किंमत मात्र हत्तीची.

फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी पिनेरोलोच्या बाजूला एका गावात माझी गाडी सापडली. १९७१ ची, लाल, मूळच्या काळ्या तोरिनो प्लेट्स, आणि जुनं पानांचं लिब्रेत्तो म्हणजे आरसी बुक, फोल्यो कोम्प्लेमेंतारे म्हणजे मालकीचा जुना कागद, दोन्ही जागेवर. मूळ प्लेट आणि मूळ कागद असलेल्या गाडीला इथे वेगळाच भाव असतो. मालक २०१७ मध्ये वारले होते, तेव्हापासून गाडी शेडमध्ये उभी. त्यांच्या पत्नी, सिन्योरा म्हणतो मी त्यांना, सत्तरीच्या, त्यांनी आधी कॉफी दिली मग गाडी दाखवली, आणि मी भारतातून आलोय म्हणल्यावर त्यांचा पहिला प्रश्न की तिकडे म्हणे आमची मिल्लेचेन्तो टॅक्सी म्हणून चालायची, खरं का? मिल्लेचेन्तो म्हणजे फियाट ११००, आपली प्रीमियर पद्मिनी. मोबाईलवर मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचा फोटो दाखवला, त्यांनी तो शेजारणीला पण बोलावून दाखवला. माझ्या मते किंमत तिथेच पाचशे युरोने उतरली.

तपासायला मी एकटा गेलो नाही. फेब्रुवारीतच एका जुन्या गाड्यांच्या क्लबचा मेंबर झालो होतो, तिथले एक निवृत्त लान्चा कामगार बरोबर आले. हा क्लबचा मुद्दा नीट वाचा: असा क्लब निवडा जो आझीशी संलग्न आहे. आझी म्हणजे आउटोमोतोक्लब स्तोरिको इतालियानो, १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था, मुख्यालय तोरिनोतच व्हिल्ला रेमध्ये. क्लबची आणि आझीची वर्षाची फी मिळून शंभर युरोच्या थोडी वर गेली मला, पण त्यातून माणसं मिळतात, आणि सर्टिफिकेटसाठी पुढे ती मेंबरशिप लागतेच. गाडी मिळाल्यावर मेंबर होऊ असं बरेच जण करतात, उलटं करा.

म्हाताऱ्याने खिशातून फ्रिजचं मॅग्नेट काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि गाडीच्या खालच्या कडेने फिरवत गेला. जिथे मॅग्नेट चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी. मग पाठीवर झोपून टॉर्च मारली. फुल्वियाचं इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन एका वेगळ्या सबफ्रेमवर, म्हणजे छोट्या सांगाड्यावर, बसतं आणि तो सबफ्रेम बॉडीला जिथे बोल्टने जोडलाय तिथे गंज धरतो, हा या गाडीचा जगजाहीर आजार. पाच मिनिटं गाडीखालून नुसते हुंकार येत होते. बाहेर येऊन म्हणाला इंजिन विसर, इंजिन दुरुस्त होतं, पण पुढे डावीकडे वेल्डिंग लागेल, मागच्या पाटा स्प्रिंगच्या जागा चांगल्या आहेत, फ्लोअर एका बाजूला पॅच मारलेलं आहे, घे पण तेरा हजाराला नको. बूटचं कार्पेट उचललं तर खाली गडद निळा रंग. म्हणजे लाल नंतरचा. सिन्योराने लगेच सांगितलं की हो, ऐंशीच्या दशकात ह्यांनी लाल करून घेतली, मुनारीमुळे.

व्यवहार ११,२०० ला ठरला. आणि इथून खरी कथा सुरू.

गाडी अजूनही वारलेल्या नवऱ्याच्या नावावर. आपल्याकडे वारसनोंद म्हणल्यावर जो थकवा येतो तोच इथे येतो. वारस तीन: सिन्योरा, एक मुलगा गावातच, दुसरा जर्मनीत. आधी तिघांनी वारसा स्वीकारल्याचा कागद साक्षांकित सह्यांसकट करायचा, मग तिघांनी मिळून मला विक्री. दोन्ही गोष्टी एका पाठोपाठ एका वेळी करता येतात, पण रजिस्टरमध्ये नोंदी दोन आणि फी पण दोनदा. कोणी कुठली फी भरायची हे आधीच बोलून ठेवा. आमचं ठरलं की वारसाचा भाग त्यांचा, विक्रीचा माझा. जर्मनीतल्या मुलाला तिथल्या इटालियन कॉन्सुलेटमधून आईच्या नावे प्रोकूरा म्हणजे मुखत्यारपत्र करून पाठवायचं होतं. त्याला अपॉइंटमेंट मिळाली मे महिन्याची. मार्च आणि एप्रिल मी दर रविवारी सिन्योराला फोन करायचो, गाडीसाठी कमी आणि माझ्या इटालियनच्या सरावासाठी जास्त, असं बायको म्हणते. खरं सांगायचं तर भीती होती की तिसरा कोणीतरी जास्त पैसे घेऊन येईल. बयाणा म्हणून ५०० युरो दिले होते, बँक ट्रान्सफरने, आणि त्यात गाडीचा नंबर, ठरलेली किंमत आणि व्यवहार वारसांच्या कागदांवर अवलंबून आहे हे लिहिलेला एक साधा करार. असा करार करा, सगळ्यांना बरं पडतं.

प्रोकूरा जूनच्या पहिल्या आठवड्यात आलं आणि तेव्हाच माझा घोळ सुरू झाला. माझं पेर्मेस्सो दी सोज्जोर्नो, म्हणजे राहण्याचा परवाना, नूतनीकरणात होतं, हातात फक्त पोस्टाची पावती. गाडीच्या कागदपत्रांची कामं करणाऱ्या ज्या एजन्सीत गेलो तिथल्या काउंटरवरच्या बाईंनी पावती बघून सरळ नाही म्हणलं, कार्ड आल्यावर या. कार्ड यायला तेव्हा महिनोन्‌महिने लागत होते. जुनं कार्ड अधिक पावती चालते असं मी ठामपणे म्हणलं, त्यांनी तेवढ्याच ठामपणे नाही म्हणलं. बाहेर येऊन क्लबमध्ये फोन लावला, त्यांनी दुसरी एजन्सी सांगितली जी जुन्या गाड्यांचीच कामं करते, तिथे जुनं कार्ड, पावती, कोदिचे फिस्काले म्हणजे टॅक्स नंबर, आणि आयडी एवढ्यावर काम झालं. तर आपल्यापैकी ज्यांचा परवाना नूतनीकरणात आहे त्यांनी आधी फोन करून विचारून मगच विकणाऱ्यांना घेऊन जा. सत्तरीच्या बाईंना गावाहून आणून परत पाठवणं फार लाजिरवाणं झालं असतं.

पैशाचं. इथे ५,००० युरो आणि वर रोख देता-घेता येत नाही, म्हणून आस्सेन्यो चिर्कोलारे, म्हणजे बँकेने स्वतः काढलेला चेक. सिन्योराच्या मुलाने माझ्यासमोर बँकेला फोन करून चेक खरा आहे का विचारलं, वाईट वाटून घेऊ नका, तो शहाणपणा आहे, मी पण तेच केलं असतं. नावावर करण्याचा माझ्या बाजूचा खर्च एजन्सीच्या फीसकट १९० युरो आला. ३० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला प्रांताचा नोंदणी कर एकच ठरलेला, ५१.६५ युरो, इंजिन कितीही मोठं असो. नव्या गाडीला तो ताकदीवर वाढत जातो, म्हणून म्हातारी गाडी घेण्यात एवढा एक फायदा आहे खरा.

मला सगळ्यात धाकधूक होती ती जुन्या कागदांची. आता इथे दोकुमेंतो ऊनिको नावाचा एकच नवा कागद मिळतो, आणि मूळचं १९७१ चं लिब्रेत्तो, त्यात पहिल्या मालकाचं नाव शाईने लिहिलेलं, ते जमा करून घेतील की काय. नाही घेत. कागद रद्द झाल्याची खूण म्हणून कोपरा कापतात आणि परत देतात, पण एजन्सीला आधी सांगून ठेवा की आम्हाला परत हवेत. कात्रीचा आवाज मात्र जरा लागला मनाला.

जून संपता संपता गाडी टो ट्रकवर चढून तोरिनोत आली, १८० युरो. इतकी वर्षं उभी असलेली गाडी सुरू करून रस्त्यावर आणायचा मोह कोणीही करू नका. ब्रेकचं तेल, रबरी नळ्या, टायर, पेट्रोलची टाकी, यातलं काहीच विश्वासाचं नसतं, शिवाय रेविझिओने, म्हणजे आपल्या फिटनेससारखी दर दोन वर्षांची तपासणी, कधीच संपलेली.

मेकॅनिक बोर्गो सान पाओलोतला, जिथे लान्चाचा जुना कारखाना होता आणि अजूनही रस्त्यावर कमान टाकून लान्चाची ती उंच इमारत उभी आहे. त्याच्याकडे गाडी जुलैत दिली, म्हणाला सप्टेंबर. मी म्हणलं दोन महिने? तो म्हणाला मधे ऑगस्ट आहे. म्हणजे सगळा देश सुट्टीवर, इटलीत राहिलेल्यांना पुढे सांगायला नको. वेल्डिंग, ब्रेक पूर्ण उघडून, टाकी साफ, पाण्याचा पंप, दोन सोलेक्स कार्ब्युरेटरची सर्व्हिस आणि एकमेकांशी जुळवणी, ज्यात त्याने अख्खी दुपार घालवली आणि मला पण शेजारी उभं केलं, कारण दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे नाहीतर गाडी आयडलला लंगडते. टायर १६५-१४, लिब्रेत्तोमध्ये लिहिलाय तोच साइज घ्यायचा नाहीतर तपासणीत अडकता. सगळं मिळून ४,१०० युरो, त्यातले २,३०० एकट्या वेल्डिंगचे. बजेट गेलं की नाही हिशोब तुम्हीच करा. बायकोने केला होता.

एक गोष्ट जी मेकॅनिकनेच सांगितली आणि नवीन लायसन्सवाल्यांनी लक्षात ठेवायची: भारताचं लायसन्स इथे बदलून मिळत नाही, वर्षभरानंतर इटालियन परीक्षा द्यावीच लागते, आणि नवं लायसन्स मिळालं की सुरुवातीला जास्त ताकदीची गाडी चालवता येत नाही. मर्यादा दर टनाला ५५ किलोवॅटची होती, डिसेंबर २०२४ पासून ७५ झाली पण तिचा काळ एक वर्षावरून तीन वर्षांवर गेला. फुल्विया १.३ एस साधारण ६६ किलोवॅट आणि वजन टनाच्या किंचित खाली, म्हणजे जुन्या नियमात नवशिक्याला बंद होती, आता बसते. माझं लायसन्स जुनं असल्यामुळे मला प्रश्न आला नाही.

रेविझिओने नोव्हेंबरच्या मध्यात, ७९ युरो. त्या वयाच्या गाड्यांना धुराचे नियम नव्या गाड्यांसारखे नसतात, कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांपर्यंत चालतो, आमचा ३.८ आला आणि मेकॅनिकने मुठी वळून हवेत उडवल्या. हेडलाइट, हँडब्रेक, हॉर्न, सगळं पास. सीटबेल्टबद्दल विचारतात म्हणून सांगतो: जून १९७६ च्या आधीच्या गाडीत बेल्टसाठी मुळात जागाच नसेल तर सक्ती नाही, जागा असेल तर लावायलाच हवा. पण बेल्ट नसलेल्या गाडीत तीन वर्षांखालचं मूल नेता येत नाही. माझ्या गाडीत जागा होती, मी लगेच पुढे लावून घेतले, ह्यात ऐतिहासिकपणा दाखवण्यात अर्थ नाही.

इन्शुरन्स सोपा गेला, क्लबचं कार्ड दाखवून जुन्या गाड्यांची पॉलिसी, वर्षाला १६० युरो. साधी पॉलिसी घेतली असती तर कित्येक पट. काही कंपन्या सर्टिफिकेट मागतात, काही मेंबरशिपवर देतात, दोन-तीन ठिकाणी विचारा.

आता सर्टिफिकेट. चेर्तिफिकातो दी रिलेवान्झा स्तोरिका, गाडी ऐतिहासिक आहे असा कागद. आझी देते, आणि लान्चा, फियाट, आल्फा यांची रजिस्टर पण देतात. याबद्दल गैरसमज खूप. ३० वर्षांवरच्या गाडीला मालकीचा टॅक्स माफ असायला हे सर्टिफिकेट लागत नाही, ते आपोआप माफ होतं, फक्त ज्या वर्षी रस्त्यावर काढाल त्या वर्षी तीसेक युरोचा छोटा टॅक्स भरायचा, रेजिओने म्हणजे प्रदेशाप्रमाणे थोडा कमीजास्त. सर्टिफिकेटची खरी गरज २० ते २९ वर्षांच्या गाड्यांना, इन्शुरन्सला, आणि शहरात जुन्या पेट्रोल गाड्यांना बंदी असते तेव्हा ज्या सवलती मिळतात त्यासाठी. तोरिनोचे बंदीचे नियम बदलत असतात, प्रत्येक हिवाळ्याआधी महापालिकेच्या साइटवर बघून घ्या.

अर्ज जानेवारी २०२५ मध्ये क्लबच्या टेक्निकल माणसामार्फत केला. फोटोंवर सगळं अवलंबून. चारी कोपऱ्यांतून, इंजिन, आतली बाजू, कोरलेला शासी नंबर, प्लेट, मागची भिंत साधी, आसपास माणूस नको, छतावर कॅरिअर नको, स्टिकर नको. माझे पहिले फोटो परत आले कारण काचेवर सिन्योराच्या नवऱ्याने लावलेलं एका जुन्या रॅलीचं स्टिकर दिसत होतं. स्टिकर काढलं नाही, वरून कागद चिकटवून फोटो काढले, चाललं. मग शांतता. फेब्रुवारी, मार्च, काही नाही. क्लबमध्ये विचारलं की सगळे खांदे उडवायचे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात क्लबच्या पत्त्यावर पाकीट आलं.

दरम्यानच्या काळात वाट बघण्याला काहीतरी कारण हवं म्हणून मूळ उत्पादनाचा दाखला पण काढला होता. लान्चा आता ज्या कंपनीकडे आहे त्या स्टेलान्टिसच्या हेरिटेज विभागाकडे लान्चाचे जुने रेकॉर्ड आहेत, शासी नंबर दिला की गाडी कधी बनली, कुठल्या रंगात, कुठे गेली ते लिहून देतात. मिराफियोरीला विया प्लावात त्यांचं हेरिटेज हब आहे, जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये शेकडो गाड्या, तोरिनोला आलात तर मोटर म्युझियमबरोबर तेही बघा, आधी बुकिंग लागतं. दाखल्यात निळा रंग आला, कार्पेटखाली होता तोच.

आता क्लबमधले लोक मागे लागलेत की पुढची पायरी कर, आझीचं ओळखपत्र आणि ती पितळी पाटी, त्यासाठी तपासनीस प्रत्यक्ष गाडी बघतात आणि मूळपणा मोजतात. लाल रंगावर तिथे प्रश्न येणार हे नक्की. निळा करायचं कोटेशन काढलं, ७,००० युरो, त्यात काचा आणि रबर काढून परत बसवणं धरून. सिन्योराला विचारलं तर म्हणाल्या गाडी तुझी, पण निळी असताना आमचे हे तिला आजीबाईंची गाडी म्हणायचे. मला स्वतःला पितळी पाटीचं फार काही नाही, गाडी विकायची असती तर वेगळं. तूर्त लालच राहणार, आणि ७,००० हा आकडा मी घरात अजून बोललेलो नाही. आधी मागचे शॉक अॅब्सॉर्बर बदलायचेत, उजवीकडचा गळतोय, आणि या भागांसाठी इमोलाला सप्टेंबरमध्ये जुन्या पार्टचा मोठा बाजार भरतो, तिकडे कोणी जाणार असेल तर कळवा, पेट्रोल अर्धं अर्धं करू.